परदेशात भाड्यानं गाडी घेऊन फिरायचंय? मग अर्धं काम कोल्हापुरातच उरकून निघा

आमचे दाजी आंबा घाटात मुसळधार पावसात, समोर धुक्यात काय बी दिसत नसताना गाणी म्हणत इनोव्हा काढतात. त्यामुळं स्वित्झर्लंड-इटलीला आपणच गाडी घेऊन फिरू असं ठरलं तेव्हा घरात कुणालाच टेन्शन नव्हतं. आणि खरं सांगायचं तर गाडी चालवण्यात अडचण आलीच नाही. पहिली अडचण आली काउंटरवर, क्रेडिट कार्डावर नाव कुणाचं यावरून, आणि दुसरी आली घरी परतल्यावर पाच महिन्यांनी, पोस्टमनच्या पिशवीतनं. म्हणजे स्टेअरिंगच्या आधी आणि स्टेअरिंगच्या नंतर. मधलं ड्रायव्हिंग आपल्याला जमतंय, गगनबावडा करणाऱ्या माणसाला आल्प्सचे रस्ते म्हणजे फरशीच आहे.

माझी शिरोलीत छोटी फौंड्री आहे, पहिल्यांदा परदेशात गाडी घेतली ती जर्मनीला प्रदर्शन बघायला गेलो तेव्हा, एकट्यानं. नंतर मॉरिशस, आणि मग ही फॅमिली ट्रिप, मी, बायको, ताई, दाजी आणि सात वर्षांची भाची. सगळीकडनं थोडं थोडं शिकलोय ते क्रमानं सांगतो, लांबलंय पण बुकिंग करायच्या आधी एकदा वाचा.

आधी गाडी लागतीय का ते बघा

उगं हौस म्हणून घेऊ नका. पॅरिस, रोम, लंडन, सिंगापूर असलं शहर बघायचं असेल तर गाडी म्हणजे गळ्यातली घंटा, पार्किंगलाच दिवसाचे इतके पैसे जातात की त्यात टॅक्सी झाली असती. व्हेनिसमध्ये तर गाडी चालतच नाही, बाहेर लावूनच आत जावं लागतं. स्वित्झर्लंडमध्ये दोघंच असाल तर रेल्वेचा पास बरा. पण पाच माणसं, त्यात लहान पोर, बरोबर चिवडा-चटण्या-मेतकुटाची एक वेगळी बॅग, आणि खेडोपाडी थांबत जायचं असेल तर गाडीसारखं सुख नाही.

पहिल्यांदाच चालवणार असाल तर माझं मत असं की डावीकडनं चालणाऱ्या देशापासून सुरुवात करा. मॉरिशस, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, जपान, मलेशिया, थायलंड, ब्रिटन, आयर्लंड हे सगळे आपल्यासारखे डावीकडनं. मॉरिशस तर नवख्याला एकदम झकास, बेट छोटं, व्हिसाची कटकट नाही, आणि तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे, आमच्या गाडीवाल्यानं "कुठलं गाव?" असं मराठीत विचारलं तेव्हा बायको बघतच राहिली. माल्टा-सायप्रस सोडून युरोपचा बाकी भाग, अमेरिका, दुबई, ओमान, तुर्की, जॉर्जिया हे सगळं उजवीकडनं.

लायसन्स आणि आयडीपी

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, आपल्या आरटीओतच मिळतं. परिवहनच्या सारथी पोर्टलवर जाऊन अर्ज करायचा, फी १००० रुपये, वर थोडाफार चार्ज. चालू लायसन्स, पासपोर्ट आणि फोटो लागतात. व्हिसा, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि तिकिटाची कॉपी काही वेळा मागतात म्हणून फाइलमध्ये घालूनच जा, एका कागदासाठी परत हेलपाटा नको. परमिट एक वर्ष चालतं, पण त्याआधी लायसन्सची मुदत संपत असेल तर तेवढंच. २०२२ पासून देशभर एकाच नमुन्याची पुस्तिका देतात, त्यावर क्यूआर कोड असतो.

आता यातल्या खाचा. जुनं पुस्तकवालं लायसन्स असेल तर आधी ते ऑनलाइन चढवून स्मार्ट कार्ड करून घ्या, कारण सारथीवर रेकॉर्डच दिसलं नाही तर अर्ज पुढं सरकत नाही, दाजींचं हेच झालं आणि त्यात तीन आठवडे गेले. लायसन्सची मुदत संपत आली असेल तर संपायच्या आधी एक वर्षापासून रिन्यू करता येतं, आधी ते करा, मग आयडीपी. पासपोर्टवर पूर्ण नाव, लायसन्सवर नुसती इनिशियल्स आणि आडनाव, असला प्रकार आपल्याकडं घरोघरी आहे. तो वेळ असतानाच दुरुस्त करा, काउंटरवरची पोरगी तीन कागदांवरची नावं बोट ठेवून जुळवते.

नियमानं २०२१ पासून व्हिसा नसताना पण आयडीपीचा अर्ज करता येतो, पण आरटीओत व्हिसा मागितला तर घोडं अडतं आणि शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच, व्हिसा कधी कधी निघायच्या आठवड्यात येतो. त्यामुळं आधी आरटीओत विचारा, मागत असतील तर बाकीची कागदं तयार ठेवून व्हिसा आला की दुसऱ्या दिवशी अर्ज. आणि नेटवर 'घरबसल्या दहा मिनिटांत इंटरनॅशनल लायसन्स' विकणाऱ्या साइट्स आहेत, त्यांच्या नादाला लागू नका, ते नुसतं भाषांतराचं कार्ड असतं, आरटीओच्या परमिटची किंमत त्याला नाही.

काही देशात आपल्या इंग्रजी लायसन्सवर पण चालतं, ब्रिटनमध्ये पाहुण्याला १२ महिन्यांपर्यंत चालवता येतं. पण इटली, जपान, थायलंड, दुबई इथं आयडीपी लागतंच. आणि जिथं कायद्यानं लागत नाही तिथंही गाडीवाली कंपनी मागू शकते. हजार रुपयांसाठी डोक्याला ताप कशाला. फक्त एक लक्षात ठेवा, आयडीपी एकटं चालत नाही, मूळ लायसन्स खिशात पाहिजेच.

क्रेडिट कार्ड, इथंच सगळे अडकतात

गाडीचं भाडं आधी भरलेलं असलं तरी काउंटरवर डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम ब्लॉक करतात. कापत नाहीत, अडकवून ठेवतात. गाडी आणि विमा बघून हे काही शे युरोपासून दोन-अडीच हजार युरोपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे कार्डाचं लिमिट तेवढं मोकळं पाहिजे, आणि त्याच कार्डावर हॉटेलं पण बुक केली असतील तर हिशेब घालून बघा.

कार्ड कसं पाहिजे: क्रेडिट कार्डच, व्हिसा किंवा मास्टरकार्ड, प्लॅस्टिकचं, हातात. फोनमधलं नाही चालत. डेबिट आणि फोरेक्स कार्डावर डिपॉझिट घेतीलच याची खात्री नाही, बऱ्याच ठिकाणी सरळ नाही म्हणतात. पिन पाठ पाहिजे. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल व्यवहार चालू करून लिमिट वाढवून ठेवा, आपल्याकडं कार्ड डीफॉल्टला देशातल्या वापरापुरतंच चालू असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कार्डावर जे नाव तेच मेन ड्रायव्हरचं नाव.

आमचं काय झालं, दाजी मुख्य चालवणार म्हणून बुकिंग दाजींच्या नावावर केलं आणि कार्ड दिलं माझं. मेहुणा-मेहुणा एकच घर, कोल्हापुरात कोण विचारतंय. झ्युरिकला काउंटरवर सांगितलं, नाही चालणार. दाजींकडं डेबिट कार्ड होतं. मागं रांग, भाचीला भूक लागलेली, ताई दाजींकडं बघतीय आणि दाजी छताकडं. शेवटी मला मेन ड्रायव्हर केलं, दाजींना जादा ड्रायव्हर म्हणून टाकलं आणि त्याचे दिवसाला वेगळे पैसे लावले. आता कार्डावर नाव माझं, गाडी माझ्या नावावर, आणि चालवणार दाजी. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येतंय.

अजून एक, काउंटरवर किंवा मशिनवर विचारतात, रुपयात कापू की युरोत? रुपया बघून बरं वाटतं पण त्यातला रेट त्यांचा असतो, महाग पडतो. नेहमी तिथल्या चलनात म्हणायचं.

बुकिंग करताना

हर्ट्झ, एव्हिस, सिक्स्ट, युरोपकार असल्या कंपन्यांच्या साइटवर थेट करता येतं, नाहीतर सगळ्यांचे रेट दाखवणाऱ्या एजंट साइट्स आहेत. मी एजंट साइटवर रेट बघतो आणि फरक थोडा असेल तर थेट कंपनीकडंच घेतो, कारण काय झालं तर दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. फ्री कॅन्सलेशनवालंच घ्या आणि लवकर घ्या, व्हिसा नाही आला तर रद्द करता येतं.

साइटवर गाडीचं मॉडेल दिसतं त्यावर जाऊ नका, 'किंवा तत्सम' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय. खरी माहिती असते चार अक्षरी कोडमध्ये. पहिलं अक्षर साइज, दुसरं गाडीचा प्रकार, तिसरं गिअर. तिसऱ्या जागी एम म्हणजे मॅन्युअल, ए म्हणजे ऑटोमॅटिक. युरोपात न सांगता मॅन्युअलच देतात आणि उजवीकडनं चालवायची असेल तर मी म्हणेन ऑटोमॅटिकच घ्या, चार पैसे जादा गेले तरी. डावीकडं बसून उजव्या हातानं गिअर टाकायचा म्हणजे पहिल्या दिवशी हात चार वेळा दाराच्या हँडलवर जातो. इथं ऑटोमॅटिक चालवलेली नसेल तर मित्राची मागून दोन रविवार रंकाळ्याला फेऱ्या मारा आणि गर्दीत पन्हाळा चढा, डावा पाय गप्प ठेवायची सवय लागली पाहिजे.

सामान! आपल्याला वरती कॅरिअरवर बॅगा बांधायची सवय, तिथं तसलं काय नसतंय. पाच माणसं आणि पाच मोठ्या बॅगा साध्या कारमध्ये बसतच नाहीत. सात सीटर घेतली आणि मागची सीट उभी केली तर डिकी उरत नाही, हे साइटवर कोण सांगत नाही. पाच जणांना स्टेशन वॅगन बेस्ट, कोडमध्ये दुसरं अक्षर डब्ल्यू असतं. तरी आम्ही माणशी एक मध्यम बॅग असा कायदा केला, ताईनं मोडला.

लहान पोरासाठी सीट बुकिंगमध्येच मागा. स्वित्झर्लंडमध्ये १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटीमीटरपेक्षा बुटक्या पोराला सीट किंवा बूस्टर, म्हणजे पोराला उंच बसवणारी बैठक, लागतो, इटलीत १५० सेंटीमीटरपर्यंत. मांडीवर घेऊन पुढं बसायचं तिथं विसरा. भाड्याची सीट दिवसावर असते, दोन आठवड्यांत नवीन येईल एवढे पैसे होतात, त्यामुळं बूस्टर असेल तर इथनंच घेऊन जा, पण त्यावर युरोपच्या मान्यतेचा शिक्का आहे का ते बघून.

भाडं २४ तासांच्या हिशेबानं असतं. सकाळी १० ला घेतली आणि शेवटच्या दिवशी दुपारी १ ला दिली तर अख्खा एक दिवस जादा लागू शकतो. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर वन-वेचा चार्ज डोळे पांढरे करतो, त्यामुळं गोल फिरून तिथंच परत या. बॉर्डर ओलांडणार असाल तर आधी सांगून लिहून घ्या. छोट्या गावातल्या शाखा रविवारी बंद, आणि इटलीत दुपारी जेवायला पण बंद असतात.

आणि घेण्याची वेळ. कोल्हापुरातनं रात्रभर ट्रॅव्हल्सनं मुंबई, मग एअरपोर्टवर चार तास, मग नऊ-दहा तास विमान, म्हणजे घर सोडल्यापासून २४ तास होऊन गेलेले असतात. असल्या अवस्थेत उजवीकडनं गाडी चालवायला घेऊ नका हो. पहिली रात्र गावात झोपा, दुसऱ्या दिवशी गावातल्या शाखेतनं गाडी घ्या. एअरपोर्टवरच्या शाखेचा सरचार्ज पण वाचतो.

विमा, जरा कंटाळवाणं आहे पण वाचा

युरोपात भाड्यात दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा धरलेला असतो आणि बहुतेक वेळा सीडीडब्ल्यू नावाचं एक कव्हर असतं. लोकांना वाटतं आता सगळं कव्हर. तसं नाही. सीडीडब्ल्यू म्हणजे गाडीला काय झालं तर ठराविक रकमेच्या वरचं तुम्हाला माफ, त्याच्या आतलं तुम्ही भरायचं. त्या आतल्या रकमेला एक्सेस म्हणतात आणि तो हजार-दीड हजार युरो सहज असतो. म्हणजे पार्किंगमध्ये खांबाला दार घासलं की चारशे युरो तुमच्याच खिशातनं.

हा एक्सेस शून्य करायचे दोन रस्ते. एक, काउंटरवर कंपनीचंच सुपर कव्हर घ्यायचं, महाग असतं पण गाडी ठोकली तरी चावी देऊन चालायला लागायचं आणि डिपॉझिट पण कमी ब्लॉक होतं. दोन, एजंट साइटचं 'फुल प्रोटेक्शन', हे स्वस्त, पण यात कंपनी आधी तुमच्या कार्डातनं पैसे कापणार, मग तुम्ही बिलं, फोटो, कागद पाठवून एजंटकडनं परत मागायचे. आणि काउंटरवर डिपॉझिट पूर्णच अडकणार. तिथला माणूस म्हणतो तुमचं कव्हर आमच्याकडं चालत नाही, तो खोटं बोलत नसतो, त्याच्या दृष्टीनं ते चालतच नाही. दोन्ही घेऊन डबल पैसे देऊ नका एवढंच.

मी काय करतो? लहान पोर, नवीन बाजू, अरुंद रस्ते असतील तर कंपनीचं सुपर कव्हर, झोप लागती. मॉरिशसला मात्र साधंच घेतलं होतं.

सुपर कव्हरमध्ये पण काच, टायर, गाडीचं पोट आणि छत हे धरलंय का ते विचारा, बऱ्याचदा हे बाहेर असतं. चावी हरवणं, चुकीचं तेल भरणं, कच्च्या रस्त्यावर नेणं हे जवळपास कुठंच कव्हर नसतं. न्यूझीलंडमध्ये तर क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यनचा रस्ता भाड्याच्या गाड्यांना नावानिशी बाद आहे. आपल्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये भाड्याच्या गाडीचं नुकसान येतंय असं गृहीत धरू नका. अमेरिकेत अजून वेगळं, तिथं दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा भाड्यात पुरेसा असेलच असं नाही, लायबिलिटीचं कव्हर वेगळं विचारून घ्या, तिथली दवाखान्याची बिलं माहीत आहेत ना.

गाडी ताब्यात घेताना

सही करायच्या आधी कागदावर किती रक्कम, कुठलं कव्हर, कोण कोण ड्रायव्हर हे वाचा. मागं रांग असली तरी वाचा, रांगेचं आपल्याला काय.

मग गाडीभोवती फिरून सलग व्हिडिओ. चारी बाजू, छत, चारी चाकांच्या रिम, बंपरच्या खालची बाजू, काच, आतल्या सीटा, किलोमीटर आणि तेलाचा काटा. कागदावर ज्या ओरखड्याची नोंद नाही तो दिसला की परत काउंटरवर जाऊन लिहून घ्यायचा, 'छोटाच आहे, चालतंय' म्हणून सोडायचा नाही. रिमचे ओरखडे तर खास बघा, फुटपाथला चाक घासलं की पहिलं तिथंच दिसतं.

निघायच्या आधी पार्किंगमध्येच दहा मिनिटं बसा. लाइट, वायपर, आरसे, हँडब्रेक कुठाय, तेलाचं झाकण कसं उघडतं, पेट्रोल की डिझेल. त्रिकोण आणि चमकणारं जाकीट गाडीत आहे का बघा, इटलीत हायवेवर उतरायचं झालं तर जाकीट घालावं लागतं. फोनचा होल्डर आणि केबल इथनंच न्या, तीनशे रुपयांच्या वस्तूचं तिथं दिवसाला भाडं देऊ नका, आणि नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा.

चालवताना

उजवीकडनं चालवण्यात गंमत अशी की तुम्ही डावीकडं बसता आणि गाडीचं सगळं अंग तुमच्या उजवीकडं असतं. आपल्याला सवय उलटी. त्यामुळं गाडी नकळत उजवीकडं सरकत जाते, आरसा खांबाला नाहीतर चाक फुटपाथला. शेजारी बसणाऱ्याला कामच द्या, "उजवीकडं आली" म्हणून ओरडायचं. ताईनं हे काम इतक्या मनापासून केलं की दाजी तिसऱ्या दिवशी मागं बसतो म्हणाले.

धोका गर्दीत नसतो, पुढच्या गाडीच्या मागं मागं जाता येतं. धोका सकाळी सकाळी, हॉटेलच्या किंवा पंपाच्या बाहेर पडताना, रस्ता मोकळा असताना. हात आपोआप डावीकडं वळतो. स्टेअरिंगवर उजवीकडं बाण काढलेला कागद चिकटवा, हसू नका, मी चिकटवला होता.

चौकात पाटी नसेल, सिग्नल नसेल तर जर्मनी, फ्रान्स, इटलीत उजवीकडनं येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो गल्लीतनं येत असला तरी. आपल्याकडं मोठी गाडी आधी. गोल चौकात आत असलेल्याला मान, म्हणजे उजवीकडनं चालणाऱ्या देशात डावीकडनं येणाऱ्याला थांबून वाट द्यायची. दाभोळकर कॉर्नरसारखं तोंड घुसवायचं नाही. झेब्रावर माणूस उभा दिसला की थांबायचं. हॉर्न विसरा. डिपर आपल्याकडं म्हणजे 'थांब, मी येतोय', ब्रिटनमध्ये बहुतेक वेळा 'तू जा'.

जर्मनीच्या ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या हायवेवर, सगळीकडं स्पीड मोकळा आहे असं नाही, पाटी बघा, जिथं मोकळा तिथं पण १३० चा सल्ला आहे. डावी लेन फक्त ओव्हरटेकला. मी १४० वर डाव्या लेनमध्ये स्वतःवर खूश होऊन चाललो होतो, आरशात एक ठिपका दिसला आणि तीन सेकंदांत तो माझ्या डिकीला चिकटलेला. तेल संपून ऑटोबानवर थांबलात तर तो पण गुन्हा.

स्वित्झर्लंडमध्ये हायवेला १२०, गावाबाहेर ८०, गावात ५०, आणि दिवसा पण लाइट चालू. कॅमेरे जागोजागी. गावात ५ पर्यंत जादा गेलात तर ४० फ्रँक, ६ ते १० जादा तर १२०, ११ ते १५ तर २५० फ्रँक. घाटात अरुंद जागी समोरासमोर आलं तर उतरणाऱ्यानं आधी थांबायचं, चढणाऱ्याला जाऊ द्यायचं, हे आपल्या घाटात पण तसंच आहे म्हणा. पिवळी पोस्टाची बस तीन सुरांचा हॉर्न वाजवत आली की बाजूला व्हायचं, तिचा ड्रायव्हर मागं घे म्हणाला तर मागं घ्यायची. ग्रिमसेल, फुर्का असले उंच घाट साधारण जून ते ऑक्टोबरच उघडे असतात, मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ते धरून चालू नये. झेरमॅटला गाडी जात नाही, खाली टेशला लावून रेल्वेनं वर.

दुबईला जाणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. सालिक टोलला नाका नसतो, वरनं कॅमेरा बघतो आणि पैसे तुमच्या कार्डावर येतात. आणि दुबईत पाटीवरच्या स्पीडच्या वर २० ची सूट चालते म्हणून तसंच अबू धाबीत शिरलात तर दंड, तिथं सूट नाही.

टोल, तेल, पार्किंग

मोर्चे काढून टोलनाके उठवलेलं आपलं गाव, पण तिथं गप्प भरायचा. स्विस हायवेला ४० फ्रँकचा वर्षाचा विन्येट, म्हणजे टोलचा पास, लागतो, तिथल्याच भाड्याच्या गाडीवर तो लावलेला असतो. बाझल आणि जिनिव्हा विमानतळाला स्विस बाजू आणि फ्रेंच बाजू अशा दोन आहेत, फ्रेंच बाजूची गाडी स्वस्त दिसते पण विन्येटचं विचारून घ्या. इटलीत आत जाताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे. पिवळ्या टेलिपासच्या लेनमध्ये घुसू नका, ती त्यांची फास्टॅग लेन. निळी कार्डाची, पांढरी रोख पैशाची.

तेल भरताना दोनदा वाचा. इटलीत बेंझिना म्हणजे पेट्रोल आणि गॅसोलिओ म्हणजे डिझेल, आपल्याला गॅसोलिओ ऐकून गॅसोलीन वाटतं आणि तिथंच घात होतो. युरोपात पेट्रोलच्या खुणेला गोल आणि त्यात ई५ किंवा ई१०, डिझेलला चौकोन आणि बी७, तेच झाकणाच्या आत पण चिकटवलेलं असतं, जुळवून भरा. नळीच्या रंगावर जाऊ नका, युरोपात डिझेलची नळी बहुतेक काळी, अमेरिकेत बऱ्याचदा हिरवी.

पार्किंगला निळ्या पट्ट्या दिसल्या की स्वित्झर्लंडमध्ये गाडीतली निळी घड्याळाची तबकडी आल्याची वेळ लावून काचेमागं ठेवायची. इटलीत निळी पट्टी म्हणजे पैसे, पांढरी फुकट, पिवळी आपली नाही. बॅगा सीटवर दिसतील अशा सोडू नका.

आणि आता झेडटीएल. इटलीत जुन्या गावांच्या मधल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, पांढऱ्या पाटीवर लाल गोल आणि खाली वेळा. पाटीच्या वर कॅमेरा. काही ठिकाणी दिव्याची पाटी असते, 'वार्को आत्तीवो', म्हणजे कॅमेरा चालू आहे, आत जाऊ नका, आपल्याला ॲक्टिव्ह वाचून वाटतं रस्ता चालू आहे. नकाशाचं ॲप याबाबतीत भरवशाचं नाही. हॉटेल आतमध्ये असेल तर आधी मेल करून गाडीचा नंबर त्यांच्याकडनं नोंदवून घ्या. आणि चुकलो म्हणून वळसा घालून परत आत शिरलात तर दंड पण दोन येऊ शकतात.

काय झालंच तर

धक्का लागला तर 'जाऊ द्या, इथंच मिटवू' हे कोल्हापुरी धोरण तिथं नाही. फोटो, समोरच्याचा नंबर, युरोपात गाडीच्या कागदांत दोन बाजूंचा अपघाताचा फॉर्म असतो तो दोघांनी भरायचा, कुणाला लागलं असेल तर ११२, आणि कंपनीला लगेच फोन. पोलिसाचा किंवा फॉर्मचा कागद नसेल तर विमा कंपनी हात वर करते. फॉर्ममध्ये न कळणाऱ्या भाषेत काय लिहिलं असेल तर सही करू नका.

परत देताना

फुल-टू-फुल, म्हणजे भरलेली टाकी घेऊन भरलेलीच परत द्यायची, असं असेल तर शेवटच्या दहा किलोमीटरच्या आत टाकी भरून पावती ठेवा. परत व्हिडिओ, किलोमीटर आणि काट्यासकट. माणूस असेल त्याच वेळेत द्या आणि 'नुकसान नाही' असं लिहून घ्या, चावी डब्यात टाकून पळालात तर नंतर काय सापडलं ते त्यांचंच खरं. गाडीच्या स्क्रीनमधनं आपला फोन काढून टाका, सगळे नंबर त्यात राहतात. डिपॉझिट सुटायला काही दिवस ते तीन-चार आठवडे लागतात, घाबरू नका, पण स्टेटमेंट बघत राहा, आणि व्हिडिओ निदान वर्षभर डिलीट करू नका.

वर्षभर का, तर दंड उशिरा येतात. आधी कार्डावर गाडीवाल्या कंपनीचे चाळीस-पन्नास युरो पडतात, तो दंड नसतो, तुमचं नाव-पत्ता महापालिकेला कळवल्याची फी असते. खरा दंड नंतर पोस्टानं येतो, इटलीला परदेशी माणसाला नोटीस पाठवायला ३६० दिवसांची मुदत आहे. पत्र हातात पडल्यापासून पाच दिवसांत भरलं तर ३० टक्के कमी होतात, पत्रातल्या साइटवर कार्डानं भरता येतं, म्हणून लिफाफा टीव्हीवर ठेवून विसरू नका.

आमचा लिफाफा पप्पांनी घेतला, त्यांना वाटलं फौंड्रीची ऑर्डर आली. उघडला तर आत गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो, रात्री ८ वाजून काही मिनिटं, शाकाहारी जेवण शोधत आम्ही एका जुन्या गावात शिरलो होतो ती वेळ. दुसऱ्या पानावर तीच गाडी, अकरा मिनिटांनी, परत आत. स्टेअरिंगवर दाजी होते पण कागदावर मेन ड्रायव्हर मी, त्यामुळं दोन्ही दंड माझ्या नावावर. दाजींना फोन केला तर म्हणाले, गाडी तुझ्या नावावर होती भावा. दोन प्लेट मिसळ आणि जादा कट, एवढ्यावर त्यांनी मिटवलंय.